मंद्रूपच्या माळावरचं विमान

॥ श्री ॥

सोलापूर, ता. ११ नोव्हेंबर १९३५

तीर्थरूप सौ. ताईस,

वेणूचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष. भाऊबीजेहून परतल्यापासून पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. आम्ही दोघं खुशाल आहोत. तू बांधून दिलेली कडबोळी कुर्डुवाडीपर्यंतच पुरली, हे पद्मजाने तुला कळवलंच असेल.

आता पुढचं बसून वाच. दाजींना वाचून दाखवण्याआधी एकदा मनाशीच वाच. ताई, मी विमान बांधतो आहे. खेळण्यातलं नव्हे, एक माणूस आत बसेल असं. विलायतेत माझ्यासारखीच नोकरदार माणसं सुट्टीच्या दिवशी घरामागे विमानं बांधतात, त्याचे नकाशे तिकडच्या मासिकांत येतात. ते मी दोन वर्षं गिरवतो आहे. मद्रासकडे जाणारं टपालाचं विमान आमच्या शाळेवरून गेलं की मी शिकवायचं सोडून अंगणात येतो. हेडमास्तरांनी हल्ली बोलणंही सोडलं आहे.

सोबतीला चांदसाब आहे. सर्व्हिस मोटारी दुरुस्त करतो, त्याच्या कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचं काम चालतं. इंजिन एका मोडक्या मोटारसायकलचं आहे. सांगाडा देवदाराचा, आणि तो आता पुरा झाला आहे. शेडमध्ये शिरलं की ताजं लाकूड आणि सरस यांचा वास येतो. त्या वासाने शाळेतला सगळा शीण जातो बघ.

काळजी करू नकोस. यंत्र लहान आहे, पडलं तरी फार उंचावरून पडणार नाही. दाजींना नमस्कार. ममता आहे तशीच राहू दे.

तुझा,
वेणू

॥ श्री ॥

वेळापूर, ता. १९ नोव्हेंबर १९३५

चिरंजीव वेणूस,

ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र बसूनच वाचलं, आणि मग उठवेना.

पडलं तरी फार उंचावरून पडणार नाही, हे वाक्य मला धीर यावा म्हणून लिहिलंस का रे? शाळेत मुलांना सायन्स शिकवतोस, बहिणीला पत्र कसं लिहावं ते तुला कोणी शिकवलं नाही. दाजी पूजा आटोपून देवळातून आले, त्यांना वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले की मेहुणे विमानातून आले तर उतरायला आपलं अंगण पुरणार नाही, शेजाऱ्यांचं कुंपण काढावं लागेल. त्यांना हसू येतं. मला येत नाही.

वेणू, मानमोडीच्या तापाच्या साथीत आपल्या घरातून आई गेली, अप्पा गेले, दादा गेला. तुलाही ताप होता. तुझं डोकं मांडीवर घेऊन मी देवाला सांगत होते की बाकीचे नेलेस ते नेलेस, हा एवढा राहू दे. तू राहिलास. तेव्हापासून तू सायकलवरून पडल्याचं कळलं तरी मी देवापुढे दिवा लावते. माहेर म्हणून मला एक तूच आहेस. तुला हौस आहे हे मला कळत नाही असं नाही. तू लहानपणी घारी बघत चालायचास आणि गटारात पाय घालायचास. पण घारीला बहीण नसते.

माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, त्या यंत्रात पाय ठेवायचा नाही. बांधायचं तर बांध, रंगव, फुलं वाहा. आत बसायचं नाही.

पद्मजाला आशीर्वाद. राग धरू नकोस, एवढंच मागते तुझ्याकडे.

ताई

॥ श्री ॥

सोलापूर, ता. २५ नोव्हेंबर १९३५

तीर्थरूप सौ. ताईस,

वेणूचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझं पत्र पोचलं. शपथ मोडणार नाही. विमान मात्र पुरं करतो, अर्ध्यावर सोडलं तर चांदसाबला तोंड दाखवता येणार नाही. राग मुळीच नाही. थंडी पडू लागली आहे, दाजींना पहाटे देवळात जाताना मफलर घ्यायला सांग.

तुझाच,
वेणू

॥ श्री ॥

सोलापूर, ता. २१ जानेवारी १९३६

तीर्थस्वरूप वन्सं यांचे सेवेशी,

सौ. पद्मजाचा साष्टांग नमस्कार. तुमचा तिळगूळ मिळाला. इकडे सर्व क्षेम आहे. हे पत्र मी शाळेच्या वेळात लिहीत आहे. स्वारीला याची कल्पना नाही.

विमान पुरं झालं. पंखांचं कापड मी आणि चांदसाबची बायको अमिना अशा दोघींनी शिवलं. अंगणभर कापड पसरून एका टोकाला ती, एका टोकाला मी. नंतर ते सांगाड्यावर ताणून आधी खळ दिली, मग व्हार्निश. आता बोटाने टिचकी मारली की डफासारखं वाजतं. तुम्ही पाहिलंत तर तुम्हालाही टिचकी मारावीशी वाटेल.

मंद्रूपच्या वाटेवर बसव्वा म्हणून एका बाईचा माळ आहे, सपाट आणि टणक. तिने वापरायला दिला आहे. रविवारी लॉरीवर घालून तिथे नेतो आणि जमिनीवर पळवतो. आत कोणीतरी बसायला लागतं, आणि शेपूट नीट उचलते की नाही ते बाहेरून बघायला लागतं. स्वारीला शपथ आहे. चांदसाब तर माडीचा जिना चढतानाही डोळे मिटून घेतो. तेव्हा मीच बसते. रागावू नका. जमिनीवरच पळतं ते. दांडा पुढे केला की शेपूट उचलते, पायांनी डावं उजवं करायचं. कासोटा घट्ट मारला आणि अंबाडा रुमालाने बांधला की काही त्रास होत नाही.

खरं लिहायचं ते वेगळंच आहे. इकडून तुमच्या शपथेबद्दल एक अक्षर बोलणं झालं नाही. पण मी बघते ना. दर रविवारी निघण्याआधी आतली बसायची फळी पुसली जाते, रुमालाने, हळूहळू. पुसून झाली तरी हात तिथेच राहतो. गेल्या रविवारी बसव्वाने सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर, केलंय तुमी आन् बसत्यात बाई. तुमाला भ्या वाटतं व्हय?" माळावरचे गुराखी हसले. वन्सं, मला वाटलं आता तुमच्या शपथेचं सांगणं होईल. तर हसून उत्तर दिलं, "व्हय, लई भ्या वाटतं."

तुमची शपथ चव्हाट्यावर येऊ नये म्हणून भित्रा म्हणवून घेतलं. मी तोंड फिरवून पंखाचं कापड तपासत बसले.

तुम्ही मोठ्या, मी तुम्हाला काय सांगणार? भीती मलाही आहे. पण रविवारी संध्याकाळी त्या माणसाचा चेहरा मला घरी आणावा लागतो. वन्सं, शपथ सोडा. पदर पसरून मागते. लेकीसारखं वागवलंत, तसंच याही वेळी वागवा.

आपली,
पद्मजा

॥ श्री ॥

वेळापूर, ता. २ फेब्रुवारी १९३६

चिरंजीव वेणूस,

ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. पद्मजाचं पत्र आलं. तिला बोलू नकोस. तिने मला न लिहिता कोणाला लिहायचं?

उत्तराला उशीर झाला. पत्र आल्यापासून कुठे लक्ष लागेना. वरणात दोनदा मीठ घातलं आणि एकदा घातलंच नाही. दाजी मुकाट्याने जेवले. मग काल म्हणाले, "तू त्याला जगवलंस ते कशासाठी, हे एकदा ठरव. नुसता जिवंत राहावा म्हणून की त्याने काही करावं म्हणून?" मी त्यांच्याशी भांडले. घरातली तीन माणसं माझ्या डोळ्यांदेखत गेली, मला काय विचारता, असं बोलले. पण रात्री त्या बसव्वाला तू दिलेलं उत्तर आठवत राहिलं. चारचौघांत माझ्या पोराला भित्रा म्हणवून घ्यावं लागलं, तेही माझ्यापायी.

आज सकाळी आंघोळ करून देवापुढे उभी राहिले आणि शपथ सुटली असं मोठ्याने म्हटलं. सुटली बरं का. बस तू. बसताना आईचं नाव घे. आणि उतरल्यावर तार कर, काय खर्च येईल तो येवो.

पद्मजालाही शपथ घालायची माझी राहून गेली. आता घालत नाही. घालायला क्षणभर लागतो, सोडताना जीव जातो.

सांभाळून राहा.

ताई

॥ श्री ॥

सोलापूर, ता. २४ फेब्रुवारी १९३६

तीर्थरूप सौ. ताईस,

वेणूचा शिरसाष्टांग नमस्कार. तार नाही म्हणून तू काळजीत असशील. तार करण्यासारखं काही घडलं नाही.

ताई, तू सोडलंस, पण जमीन सोडत नाही. तुझं पत्र आलं त्या रविवारी आईचं नाव घेऊन बसलो. माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं. शेपूट उचलली, चाकं उड्या मारू लागली, आणि माळ संपला. पुन्हा केलं. वाऱ्याकडे तोंड करून केलं. इंजिन सगळं उघडून साफ करून पुन्हा केलं. दर खेपेला वाटतं की आता निघालं, आणि समोर बसव्वाचं कुंपण येतं. चांदसाब बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला आणि म्हणाला, "इंजन अच्छा है मास्तर. तुमीच जरा ज्यादा हैं."

घरी येऊन हिशेब मांडला. त्याचं बरोबर आहे. हे इंजिन हलक्या माणसाला उचलेल, मला उचलणार नाही. कागदावर पंख मांडले तेव्हा मी माझं वजन कॉलेजातलं धरलं होतं. तू हसशील. हस. एक वेळ जेवून पाहिलं, त्याने वर्गात चक्कर आली आणि वजन होतं तिथेच राहिलं. मोठं इंजिन आणण्याची ऐपत नाही.

पद्मजा बसते तेव्हा तेच यंत्र चिमणीसारखं हलकं पळतं. परवा चाकं जमिनीवरून बोटभर सुटल्याचं मी लवून पाहिलं आणि तिला इंजिन बंद करायला ओरडलो. घरी येताना आमच्या दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती आणि कोणी काढायची हे ठरत नव्हतं. शेवटी जेवताना मी काढली. ती म्हणाली की हे तुमचं आहे, तुमच्याआधी मी जाणार नाही. मी म्हटलं, माझ्याआधी आणि माझ्यानंतर असं काही नाहीच, मी जाणारच नाही. गेलीस तर तूच जाशील, नाहीतर कोणीच नाही.

ती ताटावरून उठून गेली. अजून काही ठरलेलं नाही.

तुझ्या पोळीच्या लाडवांची पुढचे दोन महिने गरज नाही. माया मात्र कमी करू नकोस.

तुझा,
वेणू

॥ श्री ॥

सोलापूर, ता. १७ मार्च १९३६

तीर्थरूप सौ. ताईस,

वेणूचा शिरसाष्टांग नमस्कार. परवाची तार मिळाली असेल. पद्मजा सुखरूप आहे. डाव्या मनगटाचं हाड मोडलं आहे, डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आहे, बाकी कुठे खरचटलंही नाही. आता सगळं सांगतो.

रविवारी सकाळी वारा अगदी पडला होता. पद्मजा शेवटी तयार झाली होती, पण ठरलं एवढंच होतं की तिने चाकं हातभर उचलू द्यायची आणि लगेच इंजिन कमी करून खाली बसवायचं. चांदसाबने मोटारी चालवताना घालायचा त्याचा चष्मा तिच्या डोळ्यांवर बांधला. अमिनाने अल्लाचं नाव घेतलं. बसव्वाने सगळी गुरं पलीकडे हाकलली, आणि विमानापुढे नारळ फोडला. मी नाकावरचा पंखा फिरवला.

ताई, ती निघाली. चाकं सुटली. मी हात खाली करून खूण करत होतो, पुरे, पुरे. आणि माझ्या डोक्यावरून ती गेली. कुंपणावरून गेली, लिंबाच्या शेंड्यावरून गेली. खालून पंखांची शिवण दिसत होती. मी पळत होतो. कशाला पळत होतो ते माहीत नाही. पायातल्या वहाणा कुठे गेल्या तेही नंतर शोधावं लागलं. चांदसाबने डोळे मिटून घेतले होते आणि मला विचारत होता, "है क्या ऊपर? है क्या?" बसव्वा "यव्वा, यव्वा" करत जमिनीवरच बसली.

तिने माळाला मोठी फेरी घातली. मला तेव्हा उडणं, यंत्र, काही सुचत नव्हतं. एवढंच कळत होतं की मी बांधलेल्या लाकडावर माझं सगळं घर वर आहे. तुझं नोव्हेंबरातलं पत्र मला त्या माळावर समजलं.

उतरताना एक चाक दगडावर आपटून मोडलं आणि विमान नाकावर उभं राहिलं. मी पोचलो तेव्हा ती उलटी लटकलेली, हसत होती. मी रडत होतो. तिला बाहेर काढलं तर पहिलं काय विचारलं असेल? "कापड फाटलं का हो?"

तिच्या हाताला आराम पडला की ती स्वतः लिहील. मला आशीर्वाद दे, आणि तिला जास्त दे.

वेणू

॥ श्री ॥

सोलापूर, ता. ३० मार्च १९३६

तीर्थस्वरूप वन्सं यांचे सेवेशी,

सौ. पद्मजाचा साष्टांग नमस्कार. उजवा हात धड आहे, त्यामुळे लिहायला अडचण नाही. भाकरी मात्र स्वारी थापते, आणि ती कुठल्या आकाराची होते ते तुम्ही येऊन पाहा.

तुम्हाला खरं सांगते. इंजिन कमी करायची मूठ माझ्या हातात होती. खुणा दिसत होत्या. मी कमी केलं नाही. चाकांची खडखड एकदम थांबली, वन्सं, आणि सगळं इतकं गुळगुळीत झालं की हात मागे घ्यावासाच वाटेना. खाली ज्वारीची कापलेली शेतं दिसत होती, फणीने विंचरल्यासारखी. लांब मंद्रूपची घरं, बाजाराच्या पटांगणात बैल. आणि खाली पळणारं एक माणूस, अनवाणी, दोन्ही हात वर केलेले. मी उंच होते म्हणून इतकं लहान दिसत होतं. ते पाहून मला खाली यावंसं वाटलं.

त्यानंतर रोज जेवण झालं की मला विचारणं होतं. वळताना वारा कुठून लागला? लिंबाचा शेंडा वरून कसा दिसतो? सावली कुठे पडली होती? ज्या माणसाने खिळा न् खिळा ठोकला त्याला मी सांगायचं! एकदा मला रडू आलं. म्हटलं, तुमचं होतं ते मी घेतलं. मग म्हणणं झालं, "तू सांगतेस तेव्हा मी वरच असतो."

गेल्या आठवड्यात कचेरीतून बोलावणं आलं. परवान्यावाचून विमान उडवल्याची वर्दी गेली होती. मीही बरोबर गेले. कारकुनाने जबाब लिहून सहीला पुढे केला. त्यात विमान वेणीमाधव मास्तर यांनी उडवलं असं होतं. स्वारीने सांगितलं की मी नाही, हिने. कारकून म्हणाला की बाईमाणसाचं नाव कशाला गोवता, साहेबही विश्वास ठेवणार नाहीत, तुमचंच राहू द्या. वन्सं, कचेरीच्या दप्तरात कायमचं लिहिलं गेलं असतं की यांनी विमान उडवलं. मी म्हटलं, राहू द्या. पण लेखणी खाली ठेवणं झालं, आणि नाव बदलेपर्यंत सही केली नाही. कारकुनाने शेवटी वैतागून खोडलं आणि माझं नाव लिहिलं.

साहेब भले होते. ताकीद देऊन सोडलं. परवान्यावाचून पुन्हा इंजिन चालू करायचं नाही, असा लेखी हुकूम आहे. परवाना आमच्यासारख्यांना मिळेल असं दिसत नाही. विमान शेडमध्ये आहे. चाक दुरुस्त केलं, नाक सरळ केलं, आता करायला काही उरलं नाही. स्वारी शेडमध्ये जाऊन नुसती बसते. तुमच्या दोन ओळी आल्या तर बरं होईल.

आपल्या पायांशी,
पद्मजा

॥ श्री ॥

वेळापूर, ता. ६ एप्रिल १९३६

चिरंजीव वेणूस आणि चिरंजीव सौभाग्यवती पद्मजास,

ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. दोघांची पत्रं इतकी वाचली की घड्यांवर फाटायला आली. दाजींनी मागून डिंकाने कागद लावून दिला आहे.

इकडची हकीकत ऐका. मी फक्त शेजारच्या केराबाईला सांगितलं होतं. आता देवळात येणारा प्रत्येक माणूस दाजींना हात जोडतो आणि मग मला शोधत परसात येतो. अकलूजहून कोणी पाहुणे आले होते, त्यांनाही आणून दाखवलं, जणू मीच उडाले. बायका पद्मजाचंच विचारतात. नऊवारी नेसून की पाचवारी, कुंकू पुसलं का, भोवळ आली का. एकीने विचारलं की वर गेल्यावर देव दिसतात का. मी सांगितलं की तिला नवरा दिसला.

पण वेणू, तुझं कोणीच विचारत नाही. उडालं कोण ते सगळ्यांना हवं. म्हणून त्यांचं विचारून झालं की मी त्यांना बसवून घेते आणि विमान कसं केलं ते पहिल्यापासून सांगते. देवदार, सरस, खळ, व्हार्निश. काही चुकत असेल, त्यांना कुठे कळतंय? माझ्या भावाने केलं, एवढं मात्र दर वेळी शेवटी नीट सांगते. परवा सांगणं इतकं लांबलं की केराबाईने मध्येच पाणी आणून दिलं.

शेडमध्ये एकटं बसायचं नाही. रविवारी आम्ही दोघं येत आहोत. विमान लॉरीवर घालून माळावर आणून ठेव. साहेबाचा हुकूम मोडायचा नाही, इंजिनाला हात लावू नका. मला नुसतं आत बसव. फळी पुसायची गरज नाही, मी पदराने पुसेन. मग तू आणि चांदसाब मागून ढकला. दाजी म्हणतात की तेही हात लावतील. जोरात ढकला. माझं वजनही आता तुझ्यासारखंच आहे, उडायची भीती नाही.

जेवायला पुरणपोळी करून आणते. आता पोटभर खा.

तुमची,
ताई